रात्री घालावयाची भिंगे व डोळ्यांचे पारपटल : एक अभ्यासटिपण

आमच्या नेत्रविभागात अंधेरी-बोरिवलीकडून येणारे पालक असोत वा घाटकोपर-मुलुंडकडून येणारे, एक प्रश्न अलीकडे वारंवार विचारला जातो. रात्री भिंग घालून झोपले की दिवसभर चष्मा लागत नाही, हे खरे काय, आणि खरे असल्यास बुबुळाला त्याने अपाय होतो काय? आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, वैद्यक नव्हे. तथापि आमच्या नेत्रतज्ज्ञांकडून विषय समजून घेऊन तो देणगीदार, विश्वस्त व रुग्णांच्या नातेवाइकांपुढे मांडीत आहोत.

या पद्धतीस ऑर्थोकेराटॉलॉजी म्हणतात. तिचे मूळ जॉर्ज जेसन या अमेरिकी दृष्टितज्ज्ञांनी १९६२ साली मांडलेल्या कल्पनेत आहे. रात्रभर वापरावयाच्या भिंगांना अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जून २००२ मध्ये मान्यता दिली, ती साधारण उणे सहा नंबरापर्यंत.

बुबुळावरील पारदर्शक काचेसारखा भाग म्हणजे पारपटल. त्याची मध्यभागातील जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर, म्हणजे सुमारे ५४० मायक्रॉन असते. त्यातील सर्वांत वरचा पेशींचा थर अवघा ५० मायक्रॉनांचा. भिंगाची आतील बाजू मुद्दाम चपट्या वक्रतेची घडविलेली असते. भिंग व डोळा यांमधील अश्रूंच्या पातळ थराचा दाब रात्रभर कार्य करतो, आणि सकाळपर्यंत वरचा थर मध्यभागी किंचित पातळ व सभोवती किंचित जाड होतो. हिशेबाच्या भाषेत ही खर्चाची नोंद नव्हे, जवळजवळ एका खात्यातून दुसऱ्या खात्यात केलेली वर्ग नोंद आहे. उणे तीन नंबर घालविण्यास मध्यभागी १५ ते २० मायक्रॉनांचा फरक पुरतो. माणसाचा केस त्याहून कितीतरी जाड असतो. मोठा नंबर या मार्गाने का जात नाही, हेही यावरून उमगावे. मुळात थरच ५० मायक्रॉनांचा, त्यातून काढणार तरी किती!

भिंगे थांबविली की पारपटल काही दिवसांत ते काही आठवड्यांत पूर्वस्थितीकडे येते आणि नंबरही परततो. म्हणून यास ‘चष्मा कायमचा घालविणे’ म्हणणे योग्य नाही. मात्र वाढत्या वयाच्या मुलांत एक वेगळा लाभ दिसला आहे. हाँगकाँग येथे ६ ते १० वर्षांच्या मुलांवर दोन वर्षे झालेल्या व २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, चष्मा वापरणाऱ्या मुलांच्या तुलनेत या मुलांच्या नेत्रगोलाची लांबी ४३ टक्के कमी वाढली. नंबर वाढतो तो मुख्यतः ही लांबी वाढल्यामुळे.

आता अपायाकडे वळू. पारपटलात रक्तवाहिन्या नसतात. ते प्राणवायू हवेतून घेते. पापण्या मिटल्या की हा पुरवठा सुमारे एकतृतीयांशावर येतो, आणि भिंग नसतानाही पारपटल रात्री तीन-चार टक्के सुजते. म्हणून या भिंगांचे द्रव्य प्राणवायू भरपूर पार करणारे असावे लागते. सकाळी भिंग चिकटलेले आढळल्यास ओढू नये. कृत्रिम अश्रूंचे थेंब घालून ते हलू लागेपर्यंत थांबावे.

खरी भीती जंतुसंसर्गाची आहे. अमेरिकेतील २०१३ च्या एका अभ्यासाचा अंदाज असा की दहा हजार मुलांनी ही भिंगे वर्षभर वापरल्यास सुमारे १४ जणांना पारपटलाचा संसर्ग होतो. आकडा लहान आहे, परंतु मध्यभागी झालेला व्रण भरला तरी फूल पडते आणि कधी कधी नेत्ररोपणाखेरीज उपाय उरत नाही. जगभरातील अशा १२३ रुग्णांच्या २००७ सालच्या आढाव्यात सुमारे एकतृतीयांश रुग्णांत अकांथअमीबा हा जीव आढळला. तो पाण्यातून येतो.

आपल्या उपनगरांत हे विशेष ध्यानात घेतले पाहिजे. भांडुप संकुलात शुद्ध होऊन निघालेले पाणी सोसायटीच्या तळटाकीत, तेथून गच्चीवरील टाकीत आणि मग नळाला येते. शिवाय या जीवाचे कवचबद्ध रूप क्लोरीनलाही दाद देत नाही. पिण्यास निर्धोक असलेले पाणी भिंगास निर्धोक असतेच असे नाही. उकळून गार केलेले नको, बाटलीबंद नको, गुलाबपाणी तर नकोच. हात साबणाने धुवून पूर्ण कोरडे करावेत. भिंग व डबी केवळ नेमून दिलेल्या द्रावणानेच स्वच्छ करावी. डोळा लाल झाला, दुखू लागला वा उजेड सोसेनासा झाला, तर त्या रात्री भिंग न घालता तत्काळ नेत्रतज्ज्ञांना दाखवावे.

लोको पायलट भरतीसाठी विनाचष्मा ६/६ दृष्टी लागते, म्हणून काही तरुण ही भिंगे मागतात. परिणाम तात्पुरता असल्याने आमचा विभाग त्यांना नकार देतो. गाडी चालविणाऱ्याची दृष्टी आदल्या रात्रीच्या भिंगावर अवलंबून असणे कोणासही परवडणारे नाही.

गरीब रुग्ण निधीतून ही भिंगे द्यावीत काय, अशी पृच्छा काही देणगीदारांनी केली आहे. आमचे मत सध्या प्रतिकूल आहे. भिंगांचा खर्च एकदाचा नसतो. ती साधारणतः दरवर्षी बदलावी लागतात, द्रावण महिन्यागणिक लागते, तपासण्या वेगळ्या. निधी अपुरा पडला की ओढगस्तीच्या घरात पहिली काटकसर द्रावणात होते, आणि त्या जागी नळाचे पाणी येते. त्यापेक्षा त्याच रकमेतून मुलांना चष्मे द्यावेत, आणि नंबर झपाट्याने वाढणाऱ्यांना तज्ज्ञांच्या सल्ल्याने कमी मात्रेचे अॅट्रोपीन थेंब पुरवावेत, असे आम्ही विश्वस्त मंडळास सुचविले आहे.