अंकांमागचा उजेड

(प्रस्तुत पाठात द्रव स्फटिक म्हणजे काय, एलसीडी पडद्याचे प्रकार कोणते व त्याला उजेड कोठून मिळतो, हे सांगितले आहे.)

रात्री वीज गेली असताना साधा कॅल्क्युलेटर सुरू करून पाहा. आकडे उमटतात, पण अंधारात ते दिसत नाहीत. याउलट रेल्वे स्थानकावरचे लाल आकडे रात्री अधिकच उठून दिसतात. असे का बरे होते?

स्थानकावरचे आकडे एलईडीचे, म्हणजे स्वतः प्रकाश देणाऱ्या छोट्या दिव्यांचे असतात. कॅल्क्युलेटरचा पडदा एलसीडी असतो. तो स्वतः प्रकाश देत नाही. प्रकाशाला वाट देणे किंवा अडवणे एवढेच त्याचे काम.

हे काम द्रव स्फटिक करतात. मीठ, तुरटी यांचे स्फटिक तुम्ही पाहिले आहेत. उर्दूत तुम्ही त्यांना ‘कलम’ म्हणता. स्फटिकातील रेणू प्रार्थनेच्या रांगेतील मुलांसारखे आपापल्या जागी असतात. द्रवातील रेणू मधल्या सुट्टीतील मुलांसारखे कसेही फिरतात. द्रव स्फटिकातील रेणू मात्र मिरवणुकीतील मुलांसारखे असतात. ते पुढेमागे सरकतात, पण सर्वांची तोंडे एकाच दिशेला असतात.

१८८८ साली प्राग येथे फ्रीड्रिख रायनिट्झर या वनस्पतिशास्त्रज्ञाला असा पदार्थ आढळला. तो १४५.५ अंश सेल्सिअसला वितळून गढूळ झाला आणि १७८.५ अंशांना एकदम नितळ झाला. ऑटो लेहमान या जर्मन शास्त्रज्ञाने त्या गढूळ द्रवात स्फटिकाचे गुण पाहिले. आपल्या देशातही बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली चकतीसारख्या रेणूंचे द्रव स्फटिक शोधून काढले.

आता पडद्याची रचना पाहू. खिडकीला उभे गज असतील, तर उभी धरलेली पट्टी त्यांतून बाहेर जाते. आडवी धरली तर अडते. एलसीडीत प्रकाशासाठी अशाच दोन गाळण्या असतात. एक उभी, दुसरी आडवी. त्यांच्यामध्ये काचेच्या दोन तावदानांत द्रव स्फटिकाचा केसाहूनही पातळ थर असतो. त्यातील रेणू जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणे वळत जातात आणि प्रकाशालाही काटकोनात वळवतात. त्यामुळे प्रकाश दुसऱ्या गाळणीतून पार होतो. विजेचा दाब दिला, की रेणू ताठ उभे राहतात. प्रकाश वळत नाही, अडतो आणि तेथे काळी रेघ दिसते.

एलसीडीचे तीन प्रकार नेहमी आढळतात. पहिला टीएन. यात रेणूंचा पीळ ९० अंशांचा असतो. तो स्वस्त असतो व फार थोडी वीज घेतो. म्हणून घड्याळे व कॅल्क्युलेटर यांत तो वापरतात. बाजूने पाहिल्यास मात्र त्याचे आकडे फिके दिसतात. दुसरा एसटीएन. यात पीळ अधिक, सुमारे १८० ते २७० अंशांचा असतो. त्यावर अक्षरांच्या अनेक ओळी स्पष्ट दिसतात. पण वेगाने बदलणारे चित्र दाखवण्यास तो मंद पडतो. तिसरा टीएफटी. यात प्रत्येक ठिपक्याला स्वतंत्र ट्रान्झिस्टर असतो. लाल, हिरव्या व निळ्या गाळण्यांमुळे त्यावर रंगीत, हलते चित्र दिसते.

पडद्याला उजेड तीन प्रकारे मिळतो. परावर्तक पडद्यामागे आरशासारखा थर असतो. तो बाहेरचाच प्रकाश परत पाठवतो. उन्हात तो उत्तम, अंधारात निरुपयोगी. पारगामी पडद्यामागे दिवा असतो. अंधारात तो छान दिसतो, पण दिव्यासाठी वीज लागते. तिसऱ्या प्रकारात दोन्ही सोयी थोड्या थोड्या असतात.

मागचा दिवाही निरनिराळा असतो. ईएल हा कागदासारखा पातळ, मंद व सारखा उजेड देणारा थर असतो. तो वापराने फिका होत जातो. सीसीएफएल ही बारीक नळी असते. ती भरपूर प्रकाश देते. पण तिला मोठा विद्युतदाब लागतो आणि तिच्यात विषारी पारा असतो. म्हणून जुना संच घरी फोडू नका. भंगार वेचणाऱ्यांच्या आरोग्यालाही त्यापासून धोका असतो. एलईडी कमी दाबावर चालते व पुष्कळ टिकते. त्यामुळे आता तिचाच वापर सर्वाधिक होतो. दुकानात ज्याला ‘एलईडी टीव्ही’ म्हणतात, तो बहुधा एलसीडीच असतो. फक्त त्याच्यामागचे दिवे एलईडीचे असतात. नाव ऐकून जादा पैसे मोजण्यापूर्वी हे आठवा.

हे ज्ञान घरातही उपयोगी पडते. डिजिटल तापमापकाचा अंक सात रेघांचा बनतो. इंग्रजी आठाची उजवीकडची वरची रेघ उमटली नाही, तर तो सहा दिसतो. मग ३८ अंशांचा ताप ३६ वाटेल आणि आजारी मुलाला औषध मिळण्यास उशीर होईल! म्हणूनच अनेक तापमापक सुरू होताच क्षणभर सर्व रेघा दाखवतात. तेवढा क्षण नीट पाहा. आकडा वाचण्यापूर्वी, तो पूर्ण उमटतो की नाही याची खात्री करणे हे शहाण्या माणसाचे लक्षण आहे.

शब्दार्थ
गढूळ – अस्वच्छ दिसणारा. नितळ – स्वच्छ. तावदान – काचेचा तुकडा. पीळ – वळण. निरुपयोगी – बिनकामाचा.

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) रायनिट्झरला द्रव स्फटिक कोणत्या साली आढळला?
(आ) टीएन पडद्यात रेणूंचा पीळ किती अंशांचा असतो?
२. कारणे लिहा.
(अ) साधा कॅल्क्युलेटर अंधारात वाचता येत नाही.
(आ) सीसीएफएल नळी फोडू नये.
३. विरुद्धार्थी शब्द लिहा : उजेड, स्वस्त, उभा, पातळ.
४. उपक्रम : घरातील वस्तूंचे पडदे पाहा. स्वतः प्रकाशणारे आणि बाहेरच्या प्रकाशावर चालणारे अशी यादी करून वर्गात वाचून दाखवा.