केसपेपर, पावती आणि बिल

आजारी माणसाला घेऊन निघताना घरातील कर्त्याचा हात आधी खिशाकडे जातो. खर्चाचा अंदाज नसल्याने काही जण दुखणे अंगावर काढतात, तर काही व्याजाने पैसे उचलतात. म्हणून कोणत्या दवाखान्यात पैसे द्यावे लागतात आणि कोठे नाहीत, हे निरोगी असतानाच माहीत करून घ्यावे.

आपल्या जिल्ह्यातील रुग्ण बहुधा एका ठिकाणी थांबत नाही. उपकेंद्रातून प्राथमिक आरोग्य केंद्रात, तेथून सेनगाव किंवा औंढ्याच्या ग्रामीण रुग्णालयात, मग हिंगोलीला आणि गंभीर असल्यास नांदेडला. प्रत्येक ठिकाणी खिडकी वेगळी असते. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने 15 ऑगस्ट 2023 पासून आपल्या संस्थांतील तपासणी व उपचार मोफत केले. केसपेपरचे शुल्कही बंद झाले. मात्र वैद्यकीय शिक्षण खात्याच्या महाविद्यालयीन रुग्णालयांना हा निर्णय लागू नाही. नांदेडला पैसे का मागतात, या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर हेच. तेव्हा रुग्णालय कोणत्या खात्याचे, हे आधी विचारावे. पैसे भरले तर छापील पावती घ्यावी. पावतीशिवाय कोणी मागत असेल, तर देऊ नये; 104 या क्रमांकावर तक्रार करावी.

बाळंतीण स्त्रीचे मात्र वेगळे आहे. 2011 पासूनच्या जननी शिशू सुरक्षा कार्यक्रमात शासकीय संस्थेतील प्रसूती, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त आणि जेवण मोफत असते. पुढच्या रुग्णालयात हलवावे लागले, तरी गाडीचे भाडे घरच्यांनी द्यायचे नसते. ऐनवेळी खासगी जीप ठरवून हजारभर रुपये मोजणारे आजही पुष्कळ आहेत!

खासगी रुग्णालयात जाताना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आठवावी. पूर्वी ती ठरावीक शिधापत्रिकाधारकांनाच होती. 1 जुलै 2024 पासून राज्यातील सर्व कुटुंबांना लागू झाली आणि वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. अट दुहेरी आहे: रुग्णालय योजनेत हवे आणि आजारही यादीत हवा. दाखल होतानाच रेशनकार्ड व आधारकार्ड घेऊन आरोग्यमित्राला भेटावे, कारण मंजुरी उपचाराआधी घ्यावी लागते. डिपॉझिट भरून, शस्त्रक्रिया उरकून मग योजनेची चौकशी करणाऱ्यांचे पैसे बहुधा अडकतात. तातडीच्या रुग्णासाठी फोनवरून मंजुरीची सोय आहे. माहितीसाठी 155388 हा क्रमांक लक्षात ठेवावा.

योजनेत नसलेल्या रुग्णालयातही नियम आहेत. जानेवारी 2021 मध्ये दुरुस्त झालेल्या राज्याच्या नर्सिंग होम नियमांप्रमाणे दरपत्रक व रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. बिल थकले म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही. दुःखाच्या वेळी घरातले हे बोलत नाहीत; तेव्हा सोबतच्या शेजाऱ्याने बोलावे.

डॉक्टरांना पहिल्याच दिवशी अंदाजे खर्च विचारण्यात संकोच नको. केसपेपर, पावत्या, तपासण्यांचे कागद एकाच पिशवीत ठेवावेत. पुढच्या गावी तीच तपासणी पुन्हा करावी लागणार नाही.