खर्जाची तार कशी निवडावी?

पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत सोनोमीटर नावाची एक लांबट लाकडी पेटी असते, ती तुम्ही पाहिली असेल. पेटीवर ताणलेली तार, तारेखाली सरकवता येणाऱ्या दोन पाचरी आणि तारेच्या टोकाला टांगलेली वजने, एवढाच तिचा संसार. बहुतेक शाळांतून ही पेटी परीक्षेच्या आधी आठ दिवस धूळ झटकून बाहेर काढली जाते आणि परीक्षा संपताच पुन्हा कपाटात जाते. आमच्या शाळेतली पेटी मात्र एकदा ऐन स्नेहसंमेलनाच्या तयारीत बाहेर निघाली, आणि तीही एका बेस गिटारसाठी.

अकरावीतल्या एका मुलाने आपल्या काकांची जुनी इलेक्ट्रिक बेस गिटार मागून आणली होती. तिच्या तारा गंजल्या होत्या. साठवलेल्या पैशांतून त्याने नवा संच आणायचे ठरवले. खर्जाचा स्वर भरदार यायचा तर तार जाड हवी, असा सरळ हिशेब करून त्याने दुकानातला सर्वांत जाड संच घेतला. तारा चढवल्या, सुरात लावल्या. दुसऱ्या दिवशी पाहतो तो तारा पडद्यांपासून चार-पाच मिलिमीटर उंच गेलेल्या! दाबता दाबता बोटांना फोड आले, आणि दाबून काढलेला प्रत्येक स्वर थोडा चढाच लागू लागला. तो गिटार घेऊन माझ्याकडे आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "सर, दांडी वाकली. आता काकांना काय सांगू?" संमेलनाला बारा दिवस उरले होते, आणि दुसरा संच घ्यायला खिशात काही नव्हते.

मी त्याला प्रथम सर्व तारा ढिल्या करायला सांगितले. घटकाभराने दांडीवर पोलादी पट्टी ठेवून पाहिली तर दांडी जवळजवळ सरळ झालेली होती. स्थितिस्थापकतेची मर्यादा ओलांडली गेली नव्हती. मुलाचा जीव भांड्यात पडला. मग आम्ही चूक कुठे झाली हे शोधायला बसलो.

तारेचा स्वर कशावर अवलंबून असतो, याचे नियम फ्रान्समधील मारँ मर्सेन याने १६३६ साली आपल्या ग्रंथात मांडले. तार लांब तर स्वर खाली, तार जड तर स्वर खाली, ताण जास्त तर स्वर वर. यातला महत्त्वाचा भाग असा की ताण चौपट केला तेव्हा कुठे कंपनसंख्या दुप्पट होते, म्हणजे स्वर एक सप्तक चढतो. सोनोमीटरला १ किलोग्रॅम टांगा, स्वर ऐका. मग ४ किलोग्रॅम टांगा. षड्जावरून तार षड्जावर गेल्याचे कान लगेच सांगेल.

हेच दुसऱ्या वाटेने पाहू. तार छेडली की तिच्यावरून एक लाट धावते, टोकाला आपटून परत येते. एक फेरी पुरी झाली की एक कंपन पुरे होते. म्हणून तारेच्या लांबीची दुप्पट गुणिले कंपनसंख्या म्हणजे लाटेचा वेग. या वेगाच्या वर्गाला तारेच्या दर मीटर वस्तुमानाने गुणले की ताण मिळतो. एवढे सूत्र हाती असले की तराजू आणि मोजपट्टी यांवर काम भागते.

नेहमीच्या बेस गिटारवर नट आणि घोडी यांमधील अंतर ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६.४ सेंटिमीटर असते. चार तारा ई, ए, डी, जी या स्वरांत लावतात. त्यांच्या कंपनसंख्या अनुक्रमे ४१.२, ५५, ७३.४ आणि ९८ हर्ट्झ. (तुलनेसाठी सांगतो: काळी एक पट्टीत गाणाऱ्या गायकाच्या तंबोऱ्यातील खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झची असते. म्हणजे बेस गिटारच्या दोन तारा आपल्या तंबोऱ्याच्याही खाली उतरतात.)

गंजलेल्या जुन्या ई तारेचा १० सेंटिमीटरचा तुकडा आम्ही कापून तोलला. वजन भरले ३.१ ग्रॅम, म्हणजे मीटरला ३१ ग्रॅम. लाटेचा वेग ७१.२ मीटर दर सेकंदाला. गुणाकार केला तर ताण येतो सुमारे १५७ न्यूटन. साध्या भाषेत, १६ किलोग्रॅमचे वजन तारेला टांगल्यासारखे. हीच तार जी स्वरात लावायची म्हटले तर ९० किलोग्रॅमचा ताण लागेल! प्रत्येक स्वराला निराळ्या जाडीची तार का लागते, हे यावरून स्पष्ट होते.

मग नव्या तारा सूक्ष्ममापीने मोजल्या. जुनी ई तार २.५४ मिलिमीटर, नवी २.७९. जुनी जी तार १.०२, नवी १.२७. पाकिटावर हेच आकडे इंचाच्या हजाराव्या भागात, म्हणजे कारखान्यातले फिटर ज्याला 'थाऊ' म्हणतात त्यात लिहिलेले असतात: १०० आणि ११०, ४० आणि ५०. पाव मिलिमीटरचा तर फरक, असे मुलाला वाटले होते. पण घडण सारखी असेल तर तारेचे वस्तुमान जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि स्वर तोच ठेवायचा तर ताणही त्याच प्रमाणात वाढवावा लागतो. जी तारेचा ताण त्यामुळे दीडपटीहून अधिक झाला होता. चारही तारांचा हिशेब मांडला तेव्हा जुन्या संचाची ओढ सुमारे ७० किलोग्रॅम आणि नव्याची सुमारे ९५ किलोग्रॅम निघाली. पंचवीस किलो जास्तीचे ओझे त्या लाकडी दांडीने एका रात्रीत उचलले होते. दांडीच्या पोटात ट्रस रॉड नावाची पोलादी सळई असते, ती ही ओढ तोलून धरते; पण तिचे मळसूत्र हलक्या तारांसाठी लावलेले होते.

पुष्कळांची अशी समजूत असते की जाड तार लावली की आवाज आपोआप खाली जातो. ते खरे नाही. खुंटी पिळून आपण स्वर नेमका तिथेच आणतो. जाड तारेने बदलतो तो ताण, बोटाला लागणारा जोर आणि उपस्वरांची मिसळण.

या उपस्वरांतच तारेच्या आवाजाचे सारे रहस्य आहे. तार नुसती अखंड हलत नाही. ती त्याच वेळी दोन, तीन, चार भागांतही हलत असते, आणि मूलस्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे उपस्वर निघतात. पण हे गणित पूर्णपणे लवचिक अशा आदर्श तारेचे. खरी तार थोडी ताठ असते, आणि ताठरपणामुळे वरचे उपस्वर नेमक्या पटीपेक्षा चढे लागतात. ई तार जर एकसंध पोलादाची केली तर मीटरला ३१ ग्रॅम भरण्यासाठी ती सव्वादोन मिलिमीटर जाडीची हवी. सायकलच्या चाकाचा आरा साधारण २ मिलिमीटरचा असतो. म्हणजे आपण तार नव्हे, आऱ्याहूनही जाड सळई छेडत बसू, आणि आवाजही सळईसारखाच येईल. यावर तोड म्हणजे बारीक पोलादी गाभा घेऊन त्यावर दुसरी तार गुंडाळणे. गाभ्याची जाडी निम्मी केली तर त्याचा ताठरपणा एकदम सोळाव्या हिश्शावर येतो. वरचे वेटोळे वजन देतात, पण वाकण्याला फारसा विरोध करत नाहीत.

हे वेष्टण कोणत्या आकाराचे, यावर आवाज आणि स्पर्श दोन्ही ठरतात. अमेरिकेतील लिओ फेंडर याने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस ही गिटार बाजारात आणली, त्या काळी या तारांवर चपटी पोलादी पट्टी गुंडाळलेली असे. तार हाताला गुळगुळीत, बोट सरकले तरी करकर नाही. आवाज गोल, ठसठशीत, पण वरचे उपस्वर लवकर विरणारे. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या साठच्या दशकातील ध्वनिमुद्रणांवर जेम्स जेमर्सन वाजवत असे. तो जाड, चपट्या पट्टीच्या तारा लावी आणि तार तुटल्याशिवाय ती बदलत नसे. त्याला तो मुरलेला आवाजच हवा होता.

याच्या उलट टोकाला इंग्लंडातील 'द हू' या वाद्यवृंदाचा जॉन एंटविसल. त्याला पियानोच्या खालच्या स्वरांसारखा खणखणीत आवाज हवा होता. १९६५ मध्ये एका ध्वनिमुद्रणासाठी त्याने बारीक तारांची एक गिटार घेतली. तार तुटली, सुटी तार मिळेना, म्हणून तारांसाठी पुन्हा पुन्हा तीच गिटार विकत घ्यावी लागली, असे तो सांगत असे. पुढे १९६६ मध्ये रोटोसाउंड या तारा करणाऱ्या कंपनीबरोबर बसून त्याने गोल तारेचे वेष्टण असलेल्या बेसच्या तारा सिद्ध करवून घेतल्या. आज दुकानात 'राउंडवाउंड' म्हणून ज्या मिळतात त्या याच जातीच्या. यांत वरचे उपस्वर भरपूर आणि दीर्घकाळ टिकणारे. मात्र पृष्ठभाग कानशीसारखा. बोटे आणि पडदे दोन्ही झिजतात. वेष्टण स्टेनलेस पोलादाचे असेल तर आवाज अधिक प्रखर आणि झीजही अधिक. निकेलचा मुलामा असेल तर दोन्ही थोडे मवाळ. माझे मत विचाराल तर नवशिक्याने निकेलच्या मुलाम्याचीच तार घ्यावी.

तंबोऱ्याला खर्जासाठी पितळेची तार चालते, मग इथे का नको? कारण इलेक्ट्रिक गिटारचा आवाज लाकडातून थेट आपल्या कानी येत नाही. तारांखालच्या पिकअपमध्ये लोहचुंबक आणि तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे असते. पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेटोळ्यात विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. फॅरेडेचा १८३१ मधील शोध तो हाच. पितळ किंवा ब्राँझ चुंबकाला दाद देत नाही. ब्राँझचे वेष्टण घातले तर फक्त आतला पोलादी गाभाच काय तो 'ऐकू' येतो आणि आवाज क्षीण होतो. काळ्या नायलॉनच्या पट्टीचे वेष्टण असलेल्या तारा मिळतात, त्याही आत पोलाद असते म्हणूनच वाजतात.

तारा जुन्या झाल्या की मंद का पडतात? घाम, मळ आणि त्वचेचे कण वेटोळ्यांच्या फटींत शिरतात. घर्षण वाढते आणि सर्वांत आधी वरचे उपस्वर मारले जातात. गोल वेष्टणाच्या तारा काढून पाण्यात उकळल्या तर मळ सुटून काही दिवस त्या पुन्हा खणखणतात. नंतर चटकन कोरड्या मात्र केल्या पाहिजेत. वाजवून झाल्यावर फडक्याने पुसल्या तर हा खटाटोप पुष्कळ लांबतो.

आता आपल्या विद्यार्थ्याकडे वळू. जाड तारा बदलायला पैसे नव्हते. लांबी बदलणे शक्य नाही, वस्तुमान बदलणे शक्य नाही. सूत्रात मग उरले काय? त्याने बराच वेळ फळ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "सर, स्वरच खाली आणला तर?"

मी त्याला गणित करायला लावले. एक पूर्ण स्वर खाली म्हणजे कंपनसंख्या ०.८९ पट. ताण तिच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे ०.७९ पट. ९५ किलोग्रॅमचे झाले ७५. काकांच्या जुन्या तारांहून फक्त पाच किलो जास्त! खूप खाली लावून वाजवणारे वादक मुद्दाम जाड तारा का घेतात, तेही इथे आपोआप उलगडले: बारीक तार उतरवली तर ती सैल पडते आणि पडद्यांवर खडखडते.

राहिला प्रश्न साथीदारांचा. गिटारवाल्याने आपल्या तारा उतरवल्या, कीबोर्डवाल्याला तर एक बटण दाबायचे होते. गाणाऱ्या मुलाचा आवाज नुकताच फुटला होता आणि वरच्या स्वरांना तो आधीच अडखळत होता. त्याने तर आनंदाने मान डोलावली. वाद्ये दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराने ट्रस रॉडला पाव फेरा दिला, तारांची उंची अडीच मिलिमीटरवर आणली आणि घोडीवरच्या खोबणी मागेपुढे करून बाराव्या पडद्याचा स्वर मोकळ्या तारेच्या बरोबर दुप्पट येतो की नाही हे पडताळले. ट्रस रॉड स्वतः पिळू नका. थोडासा जास्त फेरा दांडीला कायमची इजा करतो.

संमेलनाच्या दिवशी सभागृहातले कर्णे लहान होते. सर्वांत खालची तार आता ३६.७ हर्ट्झवर होती आणि त्या कर्ण्यांतून एवढा खालचा मूलस्वर बाहेर पडणे शक्यच नव्हते. तरी मागच्या रांगेत बसून मला तो स्वर ऐकू आला. कर्णा फक्त ७३, ११०, १४७ हर्ट्झचे उपस्वर देत होता. त्यांच्यामधले समान अंतर ओळखून मेंदू न वाजलेला ३६.७ आपण होऊन जागेवर बसवतो. नव्या, गोल वेष्टणाच्या तारांत हे उपस्वर भरपूर असतात, म्हणून लहान कर्ण्यावर किंवा मोबाइल फोनवर त्या अधिक स्पष्ट ऐकू येतात. त्याच ठिकाणी मळलेल्या जुन्या तारा असत्या तर नुसती ढब् ढब् ऐकू आली असती.

गिटार जानेवारीत काकांकडे परत गेली. काकांनी दांडी डोळ्यांसमोर धरून पाहिली, एक तार छेडली आणि विचारले, "एवढ्या खाली का लावलीस रे?" मुलाने खिशातून हिशेबाचा कागद काढला.