सुट्टीत नावेत बसण्यापूर्वी



परीक्षा संपल्या की तुमच्यापैकी अनेकांच्या घरी चांदोद-करनाळीचा बेत ठरतो. आजी-आजोबांना नर्मदास्नान घडते आणि तुम्हाला नावेत बसायला मिळते. घाटावरून नावेने निघायचे, नर्मदा, ओरसंग आणि गुप्त सरस्वती यांच्या संगमापर्यंत जायचे आणि ऊन चढायच्या आत परतायचे, हा आपल्या बडोद्याच्या मराठी घरांचा जुना शिरस्ता आहे. चैत्रात तिलकवाडा-रामपुरा येथे उत्तरवाहिनी परिक्रमा असते, तिच्यातही नदी ओलांडायला नाव लागते. म्हणून या अंकात आम्ही नावेचाच पाठ घेत आहोत.

नाव तरंगते कशी, हे तुम्ही आर्किमिडीजच्या सिद्धान्तात शिकला आहात. आता थोडे गणित करू. समजा, एक सपाट तळाची नाव ६ मीटर लांब व २ मीटर रुंद आहे, म्हणजे तळ १२ चौरस मीटर. त्यात ६० किलो वजनाचा एक माणूस बसला, तर तितक्याच वजनाचे, म्हणजे ६० लिटर पाणी बाजूला सारले जाईल आणि नाव अर्धा सेंटिमीटर खाली जाईल. २० माणसे बसली तर १० सेंटिमीटर, ३८ बसली तर १९ सेंटिमीटर.

२० आणि ३८ हे आकडे आम्ही मनाने घेतलेले नाहीत. ११ ऑगस्ट १९९३ रोजी आपल्या सुरसागर तलावात जी नाव उलटली, तिची क्षमता २० माणसांची होती आणि तिच्यात ३८ माणसे होती. २२ जण गेले. हा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१४ मध्ये न्यायालयाने महानगरपालिकाही जबाबदार असल्याचा निर्णय दिला.

तुम्ही विचाराल, आपल्या उदाहरणात तर नाव फक्त ९ सेंटिमीटर जास्त खाली गेली, तेवढ्याने ती कशी उलटेल? प्रश्न बरोबर आहे. नाव बहुधा सरळ खाली जाऊन बुडत नाही, ती कलते. घरी करून पाहा. बादलीत पाणी घ्या, त्यावर स्टीलची ताटली तरंगवा आणि मधोमध नाणी ठेवत जा. बरीच नाणी मावतील. आता त्यांतली चार-पाच नाणी एका कडेला सरकवा. कड पाण्याला लागली की पाणी आत येते, आलेले पाणी खालच्या बाजूलाच धावते आणि कल आणखी वाढतो. मग क्षणात सगळे संपते. भरलेल्या नावेची कड आधीच पाण्याजवळ आलेली असते, त्यामुळे थोडा कलही पुरतो. त्यात कोणी फोटोसाठी उभे राहिले तर गुरुत्वमध्य वर जातो, आणि एखादा पक्षी दिसला म्हणून सगळे एकाच बाजूला झुकले, तर तुमच्या ताटलीतली नाणी सरकलीच म्हणून समजा.

१८ जानेवारी २०२४ रोजी हरणी तलावात सहलीला आलेल्या मुलांची बोट उलटली. १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका गेल्या. तिथेही क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती आणि सर्वांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हते. त्यानंतर अनेक पालक आम्हाला म्हणाले, शाळेने सहलीत नाव कायमची बंद करावी. आम्हाला ते पटले नाही. शाळेने बंद केली तरी मामाबरोबर, काकांबरोबर तुम्ही नावेत बसणारच, आणि तेव्हा शिक्षक जवळ नसतील.

एक गोष्ट येथे सांगणे आमचे कर्तव्य आहे. काही वर्षांपूर्वी एका सहलीत नाव भरल्यावर चार मुले काठावर उरली. नावाडी म्हणाला, “बेसाडी दो ने साहेब.” दुसऱ्या फेरीला अर्धा तास लागणार होता, ऊन तापले होते. आम्ही बसवले. काही झाले नाही, सर्वजण हसत परत आले. हरणीची बातमी ऐकली त्या रात्री आम्हाला त्या चौघांचे चेहरे आठवत राहिले.

आता लाइफ जॅकेटविषयी. आपल्या शरीराची घनता पाण्याच्या अगदी जवळ असते, म्हणून थोडासा आधार मिळाला तरी तोंड पाण्याबाहेर राहते. जॅकेट एवढेच काम करते. परंतु ते अंगात हवे आणि पट्टे आवळलेले हवेत. मोठ्यांचे जॅकेट लहान मुलाला घातले तर ते वर सरकते आणि मूल खालून निसटते. दोन्ही खांद्यांवर धरून ते वर ओढून पाहा. कानापर्यंत आले तर दुसरे मागा. पोहता येते म्हणून नको म्हणणाऱ्यांनी सुद्धा घालावे.

उन्हाळ्यात नदी उथळ असते, हा समज आपल्या नर्मदेला लागू नाही. सरदार सरोवर धरणाच्या पायथ्याशी १२०० मेगावॅटचे वीजघर आहे. ते चालू झाले की वापरलेले पाणी नदीत येते आणि पावसाचा थेंब नसताना खाली पातळी वाढते. सकाळी गुडघाभर असलेली जागा दुपारी तशीच असेल असे नाही. वाटेतल्या नर्मदा कालव्यात तर उतरूच नका. त्याचे काठ काँक्रीटचे, उतरते आणि निसरडे असतात, हाताला धरायला काही सापडत नाही.

इंग्लंडमधील कालव्यांत जेमतेम सात फूट रुंदीच्या लांबट नौकांतून लोक उन्हाळ्याची सुट्टी घालवतात. तिथे वेगाची मर्यादा ताशी चार मैल, म्हणजे भरभर चालणारा माणूस बरोबर राहील इतकीच. आपली संगमाची फेरीही अशीच सावकाश करण्याची गोष्ट आहे.

तेव्हा घाटावर गेलात की भाडे ठरवण्याच्या आधी विचारा, “काका, आ होडी केटला माणसनी छे?” मग नावाडी धरून डोकी मोजा, मांडीवरचे बाळही मोजा. आकडा जास्त निघाला तर मोठ्यांना सांगा आणि पुढच्या नावेसाठी थांबा. घरचे रागावले तर प्राचार्यांनी सांगितले आहे असे खुशाल सांगा.