आजारी रोप आणि पाण्याचा ताण

मुलांनो, भेंडीच्या शेतात पिवळ्या शिरांची पाने तुम्ही कधी पाहिली आहेत का? शेतकरी म्हणतो, "भेंडीवर केवडा पडला." केवडा हा विषाणूमुळे होणारा रोग आहे. पांढरी माशी हा विषाणू एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेते. रोगट झाड खुरटते, त्याला फळे कमी लागतात. म्हणून शेतकरी ते उपटून टाकतो.

आता समजा, पावसाने ओढ दिली. विहीर आटली. एक रोप निरोगी आहे आणि दुसऱ्याला विषाणूची बाधा झाली आहे. आधी कोणते सुकेल? तुम्ही म्हणाल, "आजारी!" कोणालाही तसेच वाटेल.

अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात मेरिलिन रूसिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे पडताळून पाहिले. भात, तंबाखू, बीट अशा रोपांच्या पानांवर त्यांनी विषाणू चोळले. काही रोपांवर मात्र विषाणू नसलेले द्रावण चोळले. असे का केले असेल? चोळल्याने पानाला इजा होते. ती सर्वांना सारखीच झाली, तरच तुलना खरी ठरते. मग सर्वांचे पाणी तोडले. २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. निरोगी रोपे आधी कोमेजली होती. बाधित रोपे उशिरा!

बाधित भात व बीट यांच्या पानांत काही विशेष द्रव्ये वाढलेली आढळली. त्यांचे काम समजण्यासाठी कैरीचे लोणचे आठवा. फोडींना मीठ लावले की पाणी सुटते, कारण बाहेरचे मीठ आतले पाणी ओढून घेते. हीच गोष्ट उलटी करून पाहा. विरघळलेली द्रव्ये पेशीच्या आत वाढली, तर पाणी आतच धरून ठेवले जाते. शिवाय, पाण्याच्या ताणामुळे पेशीत घातक पदार्थ तयार होतात. त्यांना आवर घालणारी द्रव्येही वाढली होती. 'क' जीवनसत्त्व याच जातीचे आहे.

मग केवडा पडलेली भेंडी शेतात राहू द्यावी का? मुळीच नाही. हा प्रयोग भेंडीवर झालेला नव्हता. आणि उशिरा कोमेजणे म्हणजे जास्त पिकणे नव्हे. पाणी पुरेसे असले की आजारी झाड मागे पडते, आणि त्याचा रोग शेजारच्या झाडांना लागतो तो वेगळाच. काकडीवरचा मोझॅक विषाणू तर मावा किडीमार्फत पसरतो आणि हजाराहून अधिक जातींच्या वनस्पतींना ग्रासतो.

विषाणू झाडावर उपकार करतो, असेही समजू नका. तो जिवंत पेशीतच वाढू शकतो. झाड वाळले की त्याची वाढही थांबली.

याच प्रयोगात बिटाची आणखी एक गंमत दिसली. मोझॅक झालेल्या बिटांनी कडाक्याची थंडीही निरोगी बिटांपेक्षा चांगली सोसली.