साथीच्या काळातील कार्यालय : शिस्त आणि सुरक्षितता

साथीचा रोग घरात शिरला तर तो बहुधा एका कुटुंबाला ग्रासतो. तहसील कचेरी, शाळा किंवा ग्रामपंचायत येथे तो शिरला, तर तेथून गावोगावी पोचतो. जेथे जनतेची ये-जा अखंड चालते, तेथील कर्मचाऱ्यांची सुरक्षितता ही म्हणूनच समाजाच्याही सुरक्षिततेची बाब ठरते.

महाराष्ट्राला हा धडा नवा नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले आणि पुढील वर्षी साथरोग अधिनियम अस्तित्वात आला. त्याच साथीत पुण्यात रुग्णसेवा करताना सावित्रीबाई फुले यांना संसर्ग झाला व १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. सेवा करणाऱ्यावरच साथीचा घाला प्रथम पडू शकतो, हे त्या वेळीच दिसून आले होते. तथापि, आरोग्यसेवकांवरील हल्ल्यांसाठी कठोर शिक्षेची तरतूद या कायद्यात होण्यास २२ एप्रिल २०२० चा अध्यादेश निघावा लागला. गंभीर दुखापत केल्यास सात वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा त्यात ठरविण्यात आली.

लपविलेला ताप

९ मार्च २०२० रोजी पुण्यात कोविडचे राज्यातील पहिले रुग्ण आढळले. या रोगाचा विषाणू लक्षणे दिसण्यापूर्वीच एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो. लक्षणे दिसल्यावरही कर्मचारी कामावर येत राहिला, तर धोका अधिकच वाढतो. तो का येतो, याचा विचार प्रमुखाने करावयास हवा. शिल्लक रजा संपलेली असते, रोजंदारीवरील शिपायाचा त्या दिवसाचा पगार बुडणार असतो, अथवा वरिष्ठांच्या बोलण्याची धास्ती असते. अशा वेळी केवळ दटावणीने ताप उघड होत नाही. आजार कळविणाऱ्याचे नुकसान होणार नाही, हा भरवसा आधी द्यावा लागतो. शिस्तीचा खरा पाया हाच होय.

व्यवस्था कशी असावी?

बंद खोलीत हवेतून संसर्ग पसरतो. म्हणून खिडक्या उघड्या ठेवणे हा बिनखर्ची उपाय आहे. कर्मचाऱ्यांच्या पाळ्या ठरवाव्यात आणि एका पाळीची माणसे दुसरीत मिसळू देऊ नयेत. म्हणजे एक गट आजारी पडला तरी काम थांबत नाही. अभ्यागतांसाठी एकच खिडकी ठेवून रांग शक्यतो बाहेर मोकळ्या हवेत लावावी. हात धुण्यास साबण व पाणी दाराशीच असावे. अनेकांचा स्पर्श होणारी साधने तात्पुरती बाजूला ठेवावीत. केंद्र सरकारने ६ मार्च २०२० रोजी आपल्या कर्मचाऱ्यांची बोटांच्या ठशांची हजेरी याच कारणाने स्थगित केली होती. चहाच्या वेळी मुखपट्टी उतरते आणि माणसे जवळ येतात. तेवढ्यापुरती तरी मंडळी एकत्र बसणार नाहीत, असे पाहावे.

प्रमुखाचे वर्तन

भिंतीवरील परिपत्रकापेक्षा साहेबांच्या चेहऱ्यावरील मुखपट्टीकडे कर्मचारी अधिक पाहतात. नियम मोडणाऱ्यास चारचौघांत अपमानित न करता बाजूला घेऊन समजवावे. वारंवार चूक झाल्यास मात्र लेखी समज द्यावी. हा नियम शिपायास व अधिकाऱ्यास सारखाच लागू असावा.

बहिष्कार नको

बरा होऊन परतलेल्या सहकाऱ्याच्या टेबलाजवळ कोणी फिरकत नाही, त्याचा पाण्याचा पेला वेगळा ठेवला जातो, हे प्रकार रोगाइतकेच घातक आहेत. ते पाहून पुढचा रुग्ण आपला आजार लपवितो आणि साथीला वाट मोकळी होते. रुग्णाचे नाव चर्चेत येऊ न देणे, त्याच्या कुटुंबाची विचारपूस करणे आणि संपर्कातील व्यक्तींना वेळीच सावध करणे, ही तिन्ही कामे एकत्र साधता येतात.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. पुढची साथ केव्हा येईल, हे कोणी सांगू शकत नाही. परंतु पाळ्यांचा तक्ता, रजेचे नियम आणि परस्परांवरील विश्वास ही तयारी साथ नसतानाच करून ठेवावयाची असते. ग्रामसभेच्या किंवा शिक्षकांच्या एखाद्या बैठकीत या विषयाला अर्धा तास दिला, तरी ती सुरुवात पुरेशी होईल.