छाप कोणाची, माल कोणाचा?

आपण आता अक्षराला अक्षर जोडून वाचू लागलो आहोत. तेव्हा आज बाजारातली अक्षरे वाचू.

नागपूरच्या महालात गांधी गेट, बडकस चौक या भागात दुकानांची दाटी. साबण, ब्लेड, क्रीम, घड्याळ, मोबाईलचा चार्जर, काय हवे ते मिळते. पुष्कळ मालावर इंग्रजी नाव असते. दुकानदार म्हणतो, "फॉरेनचा आहे, भाऊ!" आपण डब्याचा रंग पाहतो, चित्र पाहतो आणि पैसे देतो. पण माल खरेच त्या कंपनीचा आहे का?

मालावरच्या नावाला किंवा चित्राला व्यापारचिन्ह म्हणतात. आपण साधे छाप म्हणतो. कंपनी आपली छाप सरकारात नोंदवते. ही नोंद १० वर्षे चालते. पुढे फी भरून ती वाढवून घ्यावी लागते. नोंदवलेली छाप दुसऱ्याने आपल्या मालावर मारली, तर तो छापेचा भंग झाला. कधी छापेची नोंद नसते, पण नाव लोकांच्या तोंडी बसलेले असते. अशा नावाच्या आडून कोणी आपला माल खपवला, तर त्यालाही कोर्टात खेचता येते.

आता हे दोन शब्द मोठ्याने वाचा : ग्लुकोविटा. ग्लुविटा. फरक कोठे आहे? मधले 'को' तेवढे गेले आहे. ग्लुकोविटा ही एका अमेरिकन कंपनीची ग्लुकोजच्या पुडीची छाप. ग्लुविटा हे नाव एका बिस्किटवाल्या कंपनीला नोंदवून हवे होते. अमेरिकन कंपनीने हरकत घेतली. भांडण मुंबईच्या हायकोर्टातून थेट सुप्रीम कोर्टात गेले. १९५९ साली निकाल लागला : ग्लुविटाची नोंद करता येणार नाही. कोर्टाने गिऱ्हाइकाचा विचार केला. गिऱ्हाईक काही दोन पुडे शेजारी ठेवून पाहत नाही. त्याला नाव अर्धवट आठवत असते. एवढ्याशा 'को'ने त्याला फरक कळायचा नाही. शिवाय बिस्किटात ग्लुकोज घालतातच. म्हणजे दोन्ही माल एकाच कंपनीचे वाटणार. आम्ही शाळेत एका अक्षरासाठी पोरांना दहादा लिहायला लावत होतो, तेव्हा ती कुरकुरत. येथे एका अक्षरासाठी केवढी मोठी कोर्टे बसली पाहा!

दुसरा खटला कपडे धुण्याच्या मशीनचा. व्हर्लपूल ही अमेरिकेतली कंपनी. तिने १९५६-५७ साली आपल्या देशात नाव नोंदवले. पण परदेशी माल आणण्यावर सरकारचे निर्बंध होते, धंदा फारसा चालेना. १९७७ साली नोंद संपली ती संपलीच. पुढे दिल्लीच्या काही जणांनी तेच नाव स्वतः नोंदवले आणि मशीनवर घातले. ते म्हणाले, नोंद आमची आहे! पण मासिकांतल्या जाहिरातींमुळे अमेरिकन कंपनीचे नाव इकडेही माहीत झाले होते. १९९६ साली सुप्रीम कोर्टाने सांगितले, दाव्याचा निकाल लागेपर्यंत तुम्ही ते नाव वापरू नका. नुसता नोंदीचा कागद पुरला नाही.

आता कोणी म्हणेल, कंपन्या भांडोत, आमचे काय जाते? जाते तर! खोट्या छापेचा चार्जर पेट घेईल, तेव्हा दाद कोणाकडे मागणार? माल कोणाचा, हेच ठाऊक नाही. चेहरा गोरा करणाऱ्या क्रीमचे तर विचारूच नका. अकोल्याच्या एका घरातल्या मायलेकींना मूत्रपिंडाचा विकार झाल्याचे २०२३ साली उघडकीस आले. त्यांच्या क्रीममध्ये पारा निघाला. ती क्रीम परदेशी नव्हती, येथलीच होती. पण परदेशी नावाच्या, पत्ता नसलेल्या डबीत काय आहे, हे तरी कोण सांगणार?

म्हणून डबी उलटी करावी. बारीक अक्षर असते, चष्मा लावा. परदेशी माल असेल तर आयात करणाऱ्याचे नाव व पत्ता पाहिजे. कोणत्या देशात बनला ते पाहिजे. वजन किंवा नग, महिना व साल, सर्व करांसह किंमत आणि तक्रारीसाठी फोन नंबर पाहिजे. कायद्याने हे छापावेच लागते. आयात करणाऱ्याचे नाव नसेल, तर माल खाली ठेवा. नाव असले म्हणजे माल खराच, असेही नव्हे. चोर पत्ताही छापतो. मात्र स्वस्त माल तेवढा खोटा समजू नये. आपल्याच नावाने स्वस्त विकणाऱ्याचा काही दोष नाही.

बिल मागायला लाजू नका. बिल असेल तर १९१५ या नंबरावर तक्रार सांगता येते. जिल्हा ग्राहक आयोगातही जाता येते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या मालाच्या तक्रारीला तेथे फी नाही.

दुकानदारांनीही हे वाचावे. खोट्या छापेचा माल विकल्यास ६ महिने ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. "मला ठाऊक नव्हते" एवढे बोलून सुटका नाही. आपण काळजी घेतली होती, हे त्याला दाखवावे लागते, आणि माल कोणाकडून घेतला तेही सांगावे लागते. म्हणजे ठोक व्यापाऱ्याकडून त्यानेही बिल घेतलेले बरे.